'आकडे कळत नाहीत' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. महागाई वाढली की लोकांचा संस्थांवरचा विश्वास कसा उडतो, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. एक चूक मान्य: जर्मनीत बेफाम महागाई रोखायला रेंटनमार्क हे नवं चलन आलं ते नोव्हेंबर १९२३ मध्ये, मी १९२४ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे.

पण तुमचं एक वाक्य झोंबलं. 'ज्यांना आकडे कळत नाहीत तेच संस्थांना नावं ठेवतात, लेखकही त्यातलेच दिसतात.' माझं सोडा. 'तेच' म्हणजे कोण हो? एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. दहा वर्षांच्या ठेवीची मुदत संपली म्हणून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका मला अजून आठवतात. व्याजासकट रक्कम पै न् पै बरोबर होती. बाईंनी एका कागदावर पेन्सिलीनं हिशेब मांडला: ठेव ठेवली तेव्हा त्या मुदलात किती महिन्यांचं घरभाडं निघालं असतं, आणि आज हातात आलेल्या रकमेत किती निघेल. आजचे महिने कमी भरले. कागद माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, 'यात माझं कुठं चुकलं?' कुठंच चुकलं नव्हतं. बँकेनंही दिलेला शब्द पाळला होता. तरी त्या पुन्हा ठेव ठेवायला आल्या नाहीत. या बाईंना आकडे कळत नव्हते, असं माझ्यासमोर म्हणून दाखवा!

महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, हे लोकांना शिकवायला हवं, असंही तुम्ही म्हणता. अहो, ते त्यांना रोज कळतं. 'महागाई आटोक्यात' असं वरून जाहीर होतं आणि खिसा वेगळंच सांगतो, तेव्हा माणूस खिशावर विश्वास ठेवतो.

अर्जेंटिनात तर खिसाच खरा ठरला. २००७ पासून सरकारनं तिथल्या सांख्यिकी संस्थेत ढवळाढवळ केली. महागाईचा अधिकृत दर दहा टक्क्यांच्या आसपास, स्वतंत्र अंदाज त्याच्या दुपटीचे. वेगळे आकडे देणाऱ्या सल्लागार कंपन्यांना दंड झाले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनंच त्या आकड्यांवर ताशेरे ओढले. आकडे कोणाला कळत नव्हते तिथं?

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर चढवून महागाई मोडली हे तुमचं म्हणणं खरं, पण १९८२ अखेर अमेरिकेतली बेरोजगारी दहा टक्क्यांवर गेली होती, तेही लिहायचं होतंत.

पुन्हा वाद घालायला जरूर या. मात्र हिशेब मांडणाऱ्या माणसांना अडाणी ठरवणारी प्रतिक्रिया असेल, तर ती मी इथं प्रसिद्ध करणार नाही.