टर्फ टाका म्हणे!

परवा आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या पोरांच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. (पोरं म्हणजे सगळी पंचेचाळिशीच्या पुढची, त्यातल्या दोघांची बायपास झालेली.) विषय तालमीमागच्या फुटबॉलच्या मैदानाचा. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात रेंदा, आणि गोलपोस्टपुढचा तो खड्डा, ज्यात मी नववीत असताना गुडघा फोडून घेतला होता. कुणीतरी तोडगा काढला: टर्फ टाका, म्हणजे प्लास्टिकचं गवत. एकदा टाकलं की दहा वर्षं बघायला नको. रात्री लाइट लावून तासाच्या भाड्यानं द्यायचं, तालमीला उत्पन्न सुरू. आणि शेवटी मला चिमटा: "बाहेर देशात सगळीकडं हेच असतंय. विचारा आमच्या स्कॉटलंडवाल्याला."

स्कॉटलंडवाला त्या वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप पीत होता. ते गार झालं.

बाबांनो, ज्या देशाचा दाखला देताय, तिथल्या प्रीमियरशिपच्या क्लबांनी 2024 मध्ये मतदान करून ठरवलं, की 2026-27 च्या हंगामापासून वरच्या लीगमध्ये प्लास्टिकचं मैदान चालणार नाही. किल्मार्नॉकनं 2014 मध्ये हौसेनं टाकलेलं प्लास्टिक 2025 च्या उन्हाळ्यात उखडलं आणि हायब्रिड केलं. हायब्रिड म्हणजे खरं गवतच, फक्त मुळांना आधार म्हणून शेकडा पाचेक टक्के प्लास्टिकचे धागे वीतभर खोल शिवलेले. हे शहाणपणही एका दिवसात आलेलं नाही. स्टर्लिंग अल्बियननं 1987 मध्ये स्कॉटलंडमधलं पहिलं प्लास्टिक अंथरलं होतं. डनफर्मलिननं 2003 मध्ये अंथरलं आणि दोन वर्षांत गुंडाळलं. प्लास्टिकच्या पात्यांमध्ये भरतात ती जुने टायर दळून केलेली काळी भुकटी बुटात, मोज्यात, गाडीच्या मॅटवर, वॉशिंग मशीनच्या जाळीत जाऊन बसते. असली भुकटी विकायला युरोपीय संघानं 2023 मध्ये बंदी घातली, आठ वर्षांची मुदत देऊन. म्हणजे हे लोक जे काढून टाकायला निघालेत, ते आपण एप्रिलच्या उन्हात अंथरणार. तव्यावर पोरं खेळवणार.

एवढं सगळं मी एका दमात टाइप केलं. खाली सुन्यानं लिहिलं, "भावा, सूप पी."

सुन्याचं सोडा. पण खरं सांगायचं तर मला राग टर्फचा नाही, 'बघायला नको' या शब्दांचा आला. मी डंडीत राहतो. इथं गवत बघण्यापलीकडं बऱ्याच लोकांना दुसरं काम नसतं. या देशाच्या गवताचं दुखणं मुळातलंच आहे. हंगाम ऑगस्ट ते मे. रायग्रास नावाचं इथलं गवत तापमान पाच-सहा अंशांच्या खाली गेलं की वाढायचं थांबतं. डिसेंबरात आमच्याकडं पावणेनऊच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, तोही दिवसभर घरांच्या धुराड्यांवरून सरपटत. म्हणजे गवत झोपलेलं असताना बावीस माणसं त्याच्यावर खिळ्यांचे बूट घालून नाचणार, आणि ते जागं होऊन वाढायला लागलं की खेळाला सुट्टी. मग काय, प्रीमियरशिपमध्ये मैदानाखालून गरम पाण्याचे पाइप सक्तीचे. मोठ्या क्लबांकडं स्टँडच्या सावलीत फिरवायला दिव्यांच्या लांबलचक चौकटी, गवताला खोटं ऊन द्यायला.

आता कोल्हापूर बघा. आपला हंगाम ऐन कोरड्या महिन्यांतला. पावसाळ्यात चार महिने मैदान रिकामं, वरून पाणी, खालून माती गार. गवताला याहून चांगली बाळंतिणीची खोली कुठं मिळायची? आणि गवत तरी कुठलं, तर हरळी. ज्या हरळीला शेतकरी शिव्या घालतो, जी बांधावरून उपटली की दुसऱ्या पावसाला परत हजर, जिच्या जुड्या आपण गणपतीला वाहतो, तिला बाहेर बर्म्युडा ग्रास म्हणतात. उष्ण देशांत भारी भारी मैदानं तिच्याच वाणांची करतात. ती तुडवली की आडवी पसरते, ऊन सोसते, पाणी थोडं कमी पडलं तरी मरत नाही. स्कॉटलंडच्या माळ्यांना असलं गवत इथल्या थंडीत तगतं तर ते नवस फेडायला जोतिबाला आले असते. आणि आमची पोरं म्हणतात, प्लास्टिक टाका.

हे लिहिल्यावर ग्रुपवर जरा शांतता झाली. मला बरं वाटलं. मग एकानं जुनी टेप लावली: क्रिकेटनं आपली मैदानं खाल्ली, म्हणून फुटबॉलची ही दशा. त्याला मी कळवलं, की जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, 30 नोव्हेंबर 1872, ग्लासगोच्या पार्टिकमध्ये क्रिकेट क्लबच्या मैदानावरच झाला. शून्य-शून्य. म्हणजे सोयरीक जुनी आहे, उगाच जावेवर खापर नको.

काय सांगितलं नाही, तेही आता सांगतो.

डंडीची गोष्ट सांगितली नाही. आमच्या गावात दोन क्लब, दोघांची मैदानं एकाच रस्त्यावर, चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेनं शेजारी शेजारी मांडव घालावेत तशी. त्यातल्या डेन्स पार्कवर 17 मार्च 2024 ला ग्लासगोच्या रेंजर्सशी मॅच होती. पावसानं मैदान भरलं, मॅच ऐन दिवशी रद्द. नवी तारीख 10 एप्रिल, पुन्हा पाणी, पुन्हा रद्द. शेवटी 17 एप्रिलला झाली आणि इतका कुटाणा करून शून्य-शून्य. महिनाभर एका चौकोनी हिरव्या तुकड्याची तब्येत राष्ट्रीय बातम्यांत होती. ही वरची लीग, बरं का, गालिच्यासारखी मैदानं म्हणून ज्यांचे फोटो ग्रुपवर फिरतात ती.

दुसरं. माझी लेक मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला जाते, ते प्लास्टिकवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुसरा इलाजच नाही. साडेपाचला बाहेर काळोख, गवताची मैदानं कुलूपबंद, आणि हे एकच फ्लडलाइटखाली चकाकणारं, त्यावर आठ वर्षांच्या पोरींपासून पन्नाशीच्या बाप्यांपर्यंत तासातासाला पाळी. ते नसतं तर माझी लेक चार महिने सोफ्यावर बसली असती. फाल्कर्क आणि लिव्हिंग्स्टन 2025 मध्ये प्रीमियरशिपला चढले ते प्लास्टिकवर खेळूनच. लहान क्लब म्हणतात, आमचं मैदान आठवडाभर गावाच्या उपयोगी पडतं, भाडं येतं, तुम्ही श्रीमंत लोक शनिवारच्या नव्वद मिनिटांसाठी आम्हाला नियम शिकवता. हा मुद्दा जसाच्या तसा आमच्या तालमीचा आहे. मी तो सोयीनं गिळला.

मी हे नेहमीच करतो. तिकडच्यांना स्कॉटलंड दाखवतो आणि इकडच्यांना कोल्हापूर. ऑफिसात कुणी म्हणालं, इंडियात फुटबॉल आहे का, की मी सुरू. कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ कसे, पेठांची ईर्ष्या कशी, शाहू स्टेडियमवर फायनलला गर्दी कशी (आकडा जरा फुगवतोच), 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून आमचा अनिकेत जाधव कसा खेळला. सेल्टिकवाला भेटला तर कलकत्त्याचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून त्यांच्याच क्लबकडून कसा खेळला, तेही ऐकवतो. एकदा एका जुन्या सहकाऱ्यानं पँट वर करून गुडघा दाखवला होता. आत लालसर ठिपके. त्याच्या लहानपणी शाळेची मैदानं ब्लेझची असायची, खाणीतल्या भाजलेल्या लाल खडीच्या चुऱ्याची. पडलं की सोलून निघायचं आणि चुरा कातडीखाली कायमचा. मी लगेच माझा गुडघा काढला. त्याच्यावर ठिपके नाहीत, फक्त व्रण आहे. तरी मी त्याला सांगितलं, आमची मातीपण लाल. सांगताना तालमीचा हौद डोळ्यांपुढं होता, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेला. ती माती सोलत नाही, उलट अंगाला लावायची असते. पण ते विषयात बसत नव्हतं.

लेकीच्या मॅचेस मात्र गवतावर असतात, कौन्सिलच्या पार्कात. त्या मैदानाकडं एक निवृत्त आजोबा बघतात, बिनपगारी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी साइडलाइनला हात खिशात घालून उभा होतो, तर त्यांनी काही न बोलता माझ्या हातात चार दातांचा फोर्क दिला. पेनल्टी बॉक्समध्ये पाणी साचलं होतं. मी जोर लावून फोर्क घुसवला आणि ढेकूळ उचललं. ते धावत आले. उचलायचं नाही. दात सरळ आत, मूठ थोडी मागं-पुढं हलवायची, दात सरळ बाहेर. एवढंच. वीतभर मागं सरकायचं आणि पुन्हा. पाणी लगेच जात नाही, भोकाच्या तोंडाशी आधी एक बुडबुडा येतो, मग पातळी गुपचूप उतरते. मॅच संपल्यावर बुटांनी उचकटलेल्या गवताच्या चकत्या शोधून परत जागेवर बसवायच्या, टाचेनं नाही, चवड्यानं दाबून. एकदा त्यांनी मला हाक मारून विचारलं, "ती चकती सापडली का?" मी म्हटलं नाही. "तू तिच्यावरच उभा आहेस."

आता दर शनिवारी मी असतो. आधी सगळ्यांनी रांगेत चालत कुत्र्यांची घाण उचलायची, मग भोकं, मग जाळ्या. पाठ धरते. मला ते आवडतं, हे कबूल करायला जड जातं. कारण पेठेतल्या मैदानावर मी बारा वर्षं खेळलो आणि तिथला एक खडा मी कधी उचलला नाही. गोलपोस्टपुढच्या खड्ड्यात घमेलंभर माती टाकायला काय लागत होतं? कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मैदान म्हणजे जे असतं ते. त्याच्यावर खेळायचं आणि त्याला शिव्या द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कोल्हापूरला गेलो होतो. सकाळी एकटाच मैदानावर गेलो आणि फोन काढून उघड्या मातीचे, खड्ड्याचे फोटो घ्यायला लागलो. कशासाठी, तर इकडं आल्यावर ग्रुपवर टाकून दोन मैदानं शेजारी शेजारी दाखवायची होती. अंगात जाकीट, पायात इथले बूट. तीन पोरं चेंडू घेऊन थांबली होती, मी कधी हलतोय याची वाट बघत. त्यातलं धाकटं पुढं आलं.

"काका, मोजायला आलाय काय?"

"काय मोजायला?"

"जागा."

मी म्हटलं, अरे मी इथलाच, ह्याच तालमीचा, लेफ्ट हाफला खेळायचो. पोरगं माझ्या बुटांकडं बघत होतं. "मग जरा बाजूला हुता काय," ते म्हणालं, "आमची मॅच हाय." मी बाजूला झालो. फोटो अजून फोनमध्ये आहेत, ग्रुपवर टाकले नाहीत.

तर टर्फचं काय? माझं मत तेच. पावसाच्या तोंडाला हरळी लावा, चर काढा, पाणी जायला वाट द्या, चार महिने दोरी बांधून कुणाला आत सोडू नका. शेवटची अट आमच्या पेठेत पाळली जाईल असं मला वाटत नाही, पण मत तेच. हे सगळं मी चार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. किती जणांनी पूर्ण ऐकलं माहीत नाही.

दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडं दुपारी तीनच्या सुमाराला, मी पेनल्टी बॉक्समध्ये वाकलेलो असताना फोन थरथरला. सुन्या: "उद्या सात वाजता मैदानावर. खडी वेचायची. घमेली, खोरी आपापली आणा. चर काढायचा का नाही ते बघू. येणाऱ्यांनी हात वर करा." खाली एकेक हात वर होत गेला. मी एका अंगठ्यानं फोन धरून माझाही हात टाकला. का टाकला कुणास ठाऊक. सवयीनं.

सुन्याचं लगेच आलं: "तुला धरून नऊ का सोडून आठ? चहा सांगायचा हाय."

स्क्रीनवर चिखल लागला होता. पुसायला गेलो तर आणखी पसरला. आजोबा पलीकडच्या गोलपोस्टपासून हात हलवत होते, तिकडं अजून पाणी होतं.