मागच्या सीटवरून : ‘एक बेळगावकर’ यांना उत्तर

नमस्कार. नाव न देता नुसतं ‘एक बेळगावकर’ म्हणून लिहिलंत, त्यामुळे तुम्हाला काका म्हणावं की दादा, हेच कळेना. काही न म्हणताच लिहिते.

बुलेटवरून केलेल्या आमच्या बेळगाव–कोची–बेळगाव प्रवासाच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नवऱ्याच्या मागे बसून गेलात, त्यात तुमचा पराक्रम कसला, एनएच ६६ वरून समुद्र दिसतच नाही, मग ‘किनाऱ्याकिनाऱ्यानं’ हे शीर्षक लबाडीचं, बेळगावची मराठी बाई असून जागोजागी कानडी बोलल्याचं कौतुक सांगता, आणि मालपेच्या फोटोत डोक्यावर हेल्मेट नाही.

हेल्मेटचं आधी मान्य करून टाकते. गाडी उभी होती असं सांगता आलं असतं, पण ती चालू होती. वाळूपर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यासाठी कशाला, म्हणून मी ते हातात अडकवलं होतं. चूकच ती. फोटो काढणार नाही, असू दे तिथं.

समुद्राचं तुमचं निम्मं बरोबर आहे. हा रस्ता पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत किनारा धरून जातो असं नकाशात दिसतं, पण गाडीवरून तासन्‌तास नारळ, पेट्रोल पंप आणि लग्नाचे हॉल एवढंच दिसतं. कारण साधं आहे. घाटावरून उतरलेल्या नद्या इथं ठिकठिकाणी समुद्राला मिळतात. कारवार ते होन्नावर एवढ्या पट्ट्यातच काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती, अशा चार. मुखाशी त्या एवढ्या पसरतात की रस्ता थोडा आत सरकून पूल गाठतो. मग समुद्र लांब राहतो आणि त्याचं खारं पाणीच पुलाखालून आत शिरलेलं दिसतं : तिवरांची झाडं, उलट्या करून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. शीर्षक ‘खाड्याखाड्यांवरून’ असं द्यायला हवं होतं, हे कबूल.

काळीवरचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये पडला. शेजारच्या नव्या पुलावरून जाताना हे एक अक्षर बोलले नाहीत, गाडी मात्र सावकाश घेतली. त्याच्या आदल्याच महिन्यात, १६ जुलैला, अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर ह्याच रस्त्यावर येऊन गंगावळीत गेला होता. तिथून जाताना एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला कापलेला डोंगर बघितला, आणि पावसाळ्यात न जाता डिसेंबरात निघालो ते बरं केलं असं वाटलं.

खरा समुद्र अगदी रस्त्याला येऊन चिकटतो तो मरवंतेला. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, मधे आपण. गंमत अशी की दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकांच्या पलीकडे असतो. परतताना तो आपल्या बाजूला येतो. म्हणून घाटावरून लवकर घरी पोचायचं सोडून आम्ही कारवारपर्यंत आल्या वाटेनंच परत फिरलो. ही कल्पना माझी होती, ह्यांची नव्हे.

तर आता तो पराक्रम. पराक्रम मी म्हटलंच नव्हतं, पण मागे बसणं म्हणजे पोतं बांधून ठेवणं असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा आंबोली घाट उतरून बघा. वळणावर मागचा माणूस ताठ राहिला की गाडी बाहेर ओढते. पुढच्याच्या आतल्या खांद्यावरून बघायचं आणि त्याच्याबरोबर कलायचं. ब्रेक लागला की आपलं सगळं वजन त्याच्या मनगटावर जातं, म्हणून हात मागच्या दांड्याला हवा, पोटाला नव्हे. दुपारनंतर जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि पुलावर गाडीला आडवा धक्का देतो. तेव्हा मी मधे सॅक धरून बसले तर तीच सॅक शिडासारखी वारा धरते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून पहाटे निघायचं आणि दुपारी थांबायचं ठरलं. कुमट्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बुलेटला तारांची चाकं, म्हणजे ट्यूब आलीच. ‘जादा ट्यूब घ्या’ म्हणून घरी भांडलं कोण, आणि ‘उगाच ओझं’ म्हणालं कोण, ते इथं लिहीत नाही. वायपीन बेटावरून फोर्ट कोचीला जाताना गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीवर गाडी चढवायची होती, तेव्हा मात्र मी उतरून चालत गेले. माझं कौतुक तेवढं कमी करा.

शिवाय गाडी चालवणाऱ्याला खड्डे दिसतात. गाव दिसतं ते मागच्याला. रस्ता विचारायचं, खोली ठरवायची, चहा सांगायचा हे सगळं माझ्याकडे होतं, आणि ते मी कानडीत केलं. दुसऱ्या कशात करणार होते? तेही आपलं घाटावरचं कानडी. ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) म्हटलं की उडुपीकडची माणसं हसतात, त्यांचं कानडी पुस्तकातल्यासारखं. आमची केए-२२ ची पाटी कोल्हापुरात बघितली की लोक आम्हाला कानडी समजतात, आणि मंगळुरात माझं कानडी ऐकलं की ‘महाराष्ट्रातले का?’ विचारतात. तुम्ही बेळगावचे, तुम्हाला हे सांगायला नको.

कासरगोडला चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा भेटले. केरळात राहून घरी कानडी. बेळगाव म्हटल्यावर त्यांनी बाकावर जागा करून दिली. १९५६ साली त्यांचं गाव केरळात गेलं, आपलं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं, आणि चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचं कासरगोडही कर्नाटकाला द्यायला सांगितलं. त्यांना तो अहवाल हवा आहे, आपल्याला नको. दोघांनाही हे ठाऊक होतं. ते म्हणाले, तुमचे लोक अजून मोर्चे काढतात का? मी म्हटलं, काढतात. तुमचे? ते हसले आणि माझ्या चहाचे पैसे देऊ देईनात. हे सगळं कानडीत झालं. मराठीत झालं असतं तर मला आवडलं असतं, पण त्यांना येत नव्हती. ह्यात माझ्या मराठीचं काय गेलं, ते जरूर लिहा.

एक विचारायचं होतं. परतताना कारवारहून अणशी घाट चढून जोयडा, रामनगर, खानापूर असे आलो तेव्हा अंधार पडला होता आणि मला काहीच दिसलं नाही. तो रस्ता दिवसा परत करायचाय. तुमचं त्या बाजूला जाणं-येणं असेल तर सध्या रामनगरच्या पुढं रस्ता कसा आहे ते कळवा. ट्यूब ह्या वेळी दोन घेतल्यात.