बंदूक माझी, मुक्काम पोलीस ठाण्यात

"काका, नेताय कशाला, ग्रामपंचायती लागतीलच की आता, राहू द्या हितंच." हे मला आज सकाळी पोलीस ठाण्यात एका पोराने ऐकवलं, माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान असेल, नि ऐकवून वर हसला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या परवान्याच्या, शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, ती परत आणायला गेलो होतो. चांगला मुलगा असेल हो, घाटावरून बदली होऊन आलाय, त्याचा काय दोष, पण माझ्या डोक्याची शीर तिथेच तटतटली.

आधी मुद्देमाल कारकून जागेवर नव्हता. मग आला तर किल्ली दुसऱ्याकडे. मग किल्ली आली तर "वरनं ऑर्डर आलीय का बघतो". निकाल लागून गुलाल धुवून लोक कामाला पण लागले, आणि यांची ऑर्डर अजून वरनं खाली उतरतेय. ती बघितली, सापडली, मग अर्ज द्या, अर्ज दिला तर दोन प्रतीत द्या, झेरॉक्सवाल्याकडे लाईट नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, जाऊ दे.

खरा संताप पुढचा आहे. खोली उघडली तर गोवा बनावटीच्या दारूचे खोके एकावर एक, नीट, कोरड्या फळीवर, त्यांना बोट लावलेलं नाही कोणी. आणि आमच्या बंदुका खाली, ओल आलेल्या भिंतीला टेकून, सुतळीने एकत्र आवळलेल्या, सरपणाच्या मोळीसारख्या. माझी एकनळी बारा बोअर, वडिलांची. वडील दर पावसाळ्याआधी तिला उन्हात ओट्यावर घेऊन बसायचे, नळीत गज घालून चिंधी फिरवायचे, शिसवी दस्त्याला खोबरेल चोळायचे, आम्हा पोरांना जवळ फिरकायची मुभा नव्हती. त्या दस्त्यावर यांनी काळ्या परमनंट मार्करने हा एवढा मोठा नंबर घातलाय! खाली माझं आडनाव, ते पण चुकीचं. अहो कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधता येते, पोस्टात साध्या पार्सलला बांधतात. नळीवर तांबूस गंज, आत फुंकर मारली तर कोळ्याचं जाळं बाहेर. घोडा ओढून बघितला तर अर्ध्यात अडकला. पट्टा गायब. पट्टा कुठे म्हणून विचारलं तर "पट्टा होता का काका?" होता का म्हणजे? तुमच्याच पावतीवर लिहिलंय की 'पट्ट्यासह'.

आणि मग रजिस्टर पुढे केलं. छापील ओळ, 'शस्त्र सुस्थितीत परत मिळाले', खाली सही. मी म्हटलं सुस्थितीत कुठाय, गंज धरलाय, पट्टा नाही, मी तसं लिहून सही करतो. तर म्हणे तसं नाही चालायचं काका, मग साहेब येईपर्यंत थांबा. साहेब कधी येणार? बंदोबस्ताला गेलेत. म्हणजे सही करा नाहीतर बंदूक पुन्हा त्या ओल्या भिंतीला. केली सही. दात खाऊन केली. सुस्थितीत मिळाली हो, एकदम सुस्थितीत, तुमची परिस्थिती पण अशीच सुस्थितीत राहो.

यांचं टायमिंग बघा म्हणजे कळेल. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्च २०२४ ला आणि निकाल ४ जूनला. म्हणजे आख्खा हापूस आणि आख्खा काजू बंदुकीविना. वांदरांनी आंबा खाल्ला असता तरी काही नव्हतं, एक चावा घेतात नि टाकतात, पुढचा, पुढचा, खाली सडा. मग विधानसभा, १५ ऑक्टोबरला घोषणा, २३ नोव्हेंबरला निकाल, म्हणजे बरोबर भात पिकून कापणीला आलेलं नि रात्री रानडुकरांचा कळप चोंढ्यात. खाऊन जेवढं नासत नाही तेवढं लोळून नासतं. मग नगरपरिषदा, ज्या २०२२ लाच व्हायच्या होत्या, कोर्टकचेरी करत करत २०२५ च्या डिसेंबरात उगवल्या, त्यातही मतदान २ तारखेला नि मोजणी ३ वरून ढकलली २१ ला, तोवर आंबा मोहरला. नगरपरिषद शहराची, मतदार शहरातले, माझी बाग त्या हद्दीपासून दोन डोंगर पलीकडे, माझं तिथे मत पण नाही, तरी माझी बंदूक आत. त्याला लागूनच झेडपी. मग म्हटलं कशाला आणायची परत, आणि हेच तो पोरगा आज म्हणाला तर मला राग आला, तो भाग वेगळा.

आणि कायदा असं म्हणत नाही हो! सरसकट जमा करा असं कुठेच नाही. उच्च न्यायालयाने, ते पण आमच्या शेजारच्या गोव्यातल्या प्रकरणात, सांगून ठेवलंय की छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करायचा, जिल्हाधिकारी आणि एसपी बसतात त्यात. जामिनावर सुटलेले, गुन्हे नावावर असलेले, मागच्या निवडणुकीत दंगा केलेले, यांची जमा करा. बँकेचे वॉचमन वगळा, नेमबाजीचे खेळाडू वगळा. मग मी कशात बसतो? माझ्या नावावर आजवर एकच भांडण, नळाच्या पाण्यावरून भावकीत झालेलं, ते पण तंटामुक्तीत मिटलं. पण समितीने एकेकाचा विचार कसा केला असेल ते मला दिसतंय, यादी उघडली, वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली, चहा प्यायले.

२०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला आमदाराने थेट पोलीस अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या, आख्ख्या महाराष्ट्राने सीसीटीव्ही बघितलं. बीडमध्ये बाराशेच्या वर परवाने निघाले, पोरं कमरेला लावून रील काढतात, हवेत बार काढतात, नि हे सगळं बाहेर आलं कधी, तर सरपंचाचा खून होऊन राज्य पेटल्यावर. तोवर कुठल्या समितीला काय दिसलं नव्हतं. आणि गावठी कट्टेवाले, ते काय आचारसंहिता लागली म्हणून पावती घ्यायला रांगेत उभे राहतात का? जमा कोण करतो, तर ज्याचं नाव-गाव-सातबारा सगळं यांच्याकडे आहे तो. निवडणुकीत दहशत माझ्यापासून म्हणे. मला आमच्या वाडीतली कुत्री घाबरत नाहीत.

परवान्याचं तर काढायलाच नको. वडील गेल्यावर नावावर करायला भावाची नाहरकत मुंबईहून, बहिणीची म्हापशाहून, दोघांना अॅफिडेव्हिट करायला सुट्ट्या काढायला लावल्या, भाऊ अजून ऐकवतो. मग ते युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, ते संगणकात चढलं नाही म्हणून वेगळ्या खेपा. नूतनीकरण २०१९ पासून तीनाऐवजी पाच वर्षांनी झालं हे एक बरं केलं, पण प्रत्येक वेळी डॉक्टरचा दाखला, शरीराने धडधाकट आणि डोकं ठिकाणावर आहे असा. मागच्या वेळी डॉक्टरने नाव विचारलं, वार विचारला, झालं. आज पोलीस ठाण्यातून निघाल्यावर तपासला असता तर दाखला मिळाला नसता, लिहून देतो.

घरी आलो, बंदूक पडवीत ठेवली, अजून बडबड चालूच होती माझी, तर आतून बायको काय म्हणाली? "तुमका समोरचो माड धड दिसणा नाय, डुकर खयसून दिसतलो?" आता यावर काय बोलणार. खरं सांगायचं तर या बंदुकीने मी आजवर एक डुक्कर मारलेलं नाही. एकदा पाण्याची टाकी गेली, सिंटेक्सची, त्याचा विषय घरात दर उन्हाळ्यात निघतोच. बार काढायचा, आवाज व्हायचा, वांदर पलीकडच्या बागेत जायचे, पलीकडच्याने बार काढला की परत इकडे. एवढंच आमचं शेतीसंरक्षण. आणि आवाजाचंच म्हणाल तर निकालाच्या दिवशी विजयी उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी नाक्यावर फटाक्यांच्या माळा लावल्या, दुपारपासून रात्रीपर्यंत, तेवढा एक दिवस बागेत वांदर फिरकलं नाही. निवडून येऊन त्यांनी माझ्यासाठी केलेलं तेवढंच काम आजवरचं.

पण मग म्हणून काय बंदूक घेऊन जायची? टाकी फोडली तर माझी फोडली ना?

बरं, डुक्कर खरंच मारायचं म्हटलं तरी परवान्याने भागत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी. केरळात बघा, २०२२ ला सरकारने पंचायतीच्या अध्यक्षाला अधिकार दिला, डुक्कर पिकात शिरतंय तर मारायचा हुकूम तो गावातच काढू शकतो. आमच्या सरपंचाला गटाराच्या झाकणाचा अधिकार नाही. कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना तर बंदुकीला परवानाच लागत नाही, इंग्रजांच्या काळापासूनची सूट, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवून दिली. त्यांची परंपरा आहे म्हणे, असू दे, आम्हाला पण वडिलांपासूनची आहे, पण आमची परंपरा मुद्देमाल खोलीत गंजतेय.

आणि या सगळ्यात आमचा चुलतभाऊ, टेक्सासला असतो, फॅमिली ग्रुपवर मी गंजाचा फोटो टाकला तर सहानुभूती राहिली बाजूला, म्हणतो आमच्याकडे २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परमिटच लागत नाही, एकवीस वर्षं पूर्ण झाली की झालं, नि शहराच्या नगरपालिकेला त्यावर स्वतःचे नियम करायची सोय नाही. डुकरांचा त्रास तिकडे पण आहे, तर ते हेलिकॉप्टरमधून मारतात. हेलिकॉप्टर! २०११ पासून कायदेशीर आहे, माणसं पैसे भरून जातात त्याला. व्हिडिओ पण पाठवला लगेच. मला तो टेक्सासचा कारभार नकोय हो, तिकडे शाळेत काय होतं ते आम्ही पण बातम्यांत बघतो, लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना आपल्याकडे दोन वर्षं आत टाकायची तरतूद केली तेव्हा मी टाळ्या वाजवलेल्या. पण हेलिकॉप्टर आणि पट्टा गायब यांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी असेल ना? आणि ग्रुपवर त्याच्या व्हिडिओला अकरा अंगठे, माझ्या गंजाला एक, तो पण भाच्याचा चुकून पडलेला.

आता मधल्या काळात वाडीतल्या पोरांनी पीव्हीसीच्या पाइपची ती कार्बाइड गन आणलीय, आत कार्बाइड, थोडं पाणी, लायटर, धडाम. तिला परवाना नाही, नूतनीकरण नाही, छाननी समिती नाही, डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच प्रकाराने पोरांचे डोळे गेले. ती चालते आचारसंहितेत. दहा वर्षांचा पोरगा खांद्यावर घेऊन फिरतो, शाळेत जाताना ओट्यावर ठेवून जातो, आणि मी बारा बोअरच्या दस्त्यावरचा मार्कर रॉकेल लावून घासतोय दुपारपासून. नंबर जातच नाही. आडनाव तेवढं पुसट झालंय, आता ते वेगळ्याच चुकीच्या आडनावासारखं दिसतंय. कोणाकडे थिनर असेल तर सांगा, आणि बारा बोअरचा पट्टा कुठे शिवून मिळतो ते पण, कुडाळ-सावंतवाडीकडे चालेल, कोल्हापूरला पाठवू नका.