दिवे काढून नेले, करंट सोडून गेले

आजचा अख्खा रविवार डॅशबोर्डखाली उताणं पडून गेला. मान धरलीय, कोपरं सोलवटलीत, आणि हे सगळं कशासाठी, तर कुणीतरी पीळ मारून सोडलेल्या एका जॉइंटसाठी! डोक्यात नुसता जाळ झालाय.

गाडी तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी सेल मारताना टक टक टक, बस. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. गॅरेजवाल्यांचं "बॅटरी बदलून टाका" ऐकून दोनदा बॅटरी बदलली. अरे, मीटर न लावता कसं सांगता तुम्ही? शेवटी मीच निगेटिव्ह केबल काढून मध्ये मल्टिमीटर लावला. सगळं बंद असताना 340 मिलिअ‍ॅम्पिअर! 50च्या आत हवा तो आकडा. 45 अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी अशी पाच-साडेपाच दिवसांत पार कोरडी पडते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. मग एकेक फ्यूज उपसत बसलो. सगळे उपसले. आकडा ढिम्म. 340 म्हणजे 340.

हलेल कसा? लाइन फ्यूजबॉक्समधून घेतलीच नव्हती! थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून वायर, मध्ये एकही फ्यूज नाही, पत्र्यातल्या भोकाचं रबरी ग्रॉमेट (बूच) फाडून आत घुसवलेली. कार्पेटखाली शिरते तेव्हा लाल, पलीकडून बाहेर येते ती काळी. काळी! पॉझिटिव्हला काळी वायर जोडणाऱ्या माणसाच्या हातात पक्कड देऊच नये. पुढचा माणूस तिला अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह वायर समजून बेधडक बॉडीला टेकवणार, हे कळत नाही?

ती काळी वायर धरून ग्लोव्हबॉक्सच्या मागे पोचलो. स्पंजात गुंडाळलेले दोन रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारे स्विच, हाताला चक्क कोमट. वरच्या टेपचा गोंद वितळून काळा चिकट राडा झालेला, अजून नखांत आहे. हे रिले फॉग लॅम्पचे. गाडीला फॉग लॅम्प आहेत का? नाहीत! काढून नेलेत. स्विचही नेला, आणि स्विचच्या दोन वायरी लोंबू नयेत म्हणून एकमेकींना पिळून टेप मारला. म्हणजे स्विच कायमचा चालू. रिलेच्या आतल्या एकेका कॉइलला साधारण 170 मिलिअ‍ॅम्पिअर, दोन्ही मिळून 340, रात्रंदिवस, नसलेल्या दिव्यांसाठी.

आणि खरा संताप पुढेच आहे. रिलेच्या 87 नंबरच्या पिनेवरून, म्हणजे दिव्याला करंट देणाऱ्या पिनेवरून, निघालेली वायर बंपरमागे उघडी. टेपचा एक वेढा सुटलेला, तांबं दिसतंय, शेजारच्या पत्र्यापासून बोटभर अंतर. मीटर टेकवला तर 12.6 व्होल्ट. एका खड्ड्यात ती पत्र्याला लागली असती तर मध्ये उडायला फ्यूजच नाही. वायर लाल होईपर्यंत तापली असती आणि तिच्यावरच कार्पेट अंथरलेलं. त्या कार्पेटवर पाय ठेवून माझी पोरं बसतात!

याच गाडीत मला 10च्या जागी 30चा फ्यूज सापडलाय. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालायचा, म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू द्यायची. वायर चावून जोडणाऱ्या त्या निळ्या क्लिपा तर मला डोळ्यांसमोर नकोत. निम्म्या तारा तुटतात, पाणी शिरतं, आत हिरवा गंज चढतो, आणि वर्षभराने इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागतो. सोल्डर करून वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवायला किती वेळ लागतो?

पण या दिवेवाल्याला मी माफ करणार नाही. बंपरखाली आडवं पडून दिवे खोलायला त्याच्याकडे वेळ होता. बॅटरीवरचं टोक काढायला फक्त बॉनेट उघडून 10 नंबरचा पाना फिरवायचा होता.