साडू, कयाक आणि सकाळचे घावणे

खडकवासल्याला दोनदा कयाक चालवली की माणूस दर्यावर्दी होतो अशी आमच्या साडूंची पक्की समजूत आहे. त्यामुळे मालवणात सगळी जनता मोटारबोटीतून स्कुबाला जात असताना आम्ही दोघं कयाकने जाणार हे त्यांनी कोथरूडलाच ठरवून टाकलं, बायकांनी गुपचूप बोट धरली. "अहो, किनाऱ्यावरून दिसतीये की बोट, आपल्या घरापासून वाण्याच्या दुकानाएवढं अंतर!" आता वाण्याच्या वाटेवर खड्डे असतात, पण ते निदान जागचे हलत तरी नाहीत.

दोघांच्या कयाकमध्ये मागे बसतो तो दिशा सांभाळतो, पुढच्याने फक्त लय धरायची. मागे अर्थातच साडू. मी डावीकडे वल्हं मारलं की ते उजवीकडे मारणार, वर "राव, तुम्ही ताल सोडताय" हे मलाच. समोर महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, तीन वर्षांत एवढा किल्ला उभा राहिला आणि आम्हाला अर्ध्या तासात त्याची एकच बाजू चार वेळा दिसली. त्यात सकाळी होमस्टेच्या काकूंनी आग्रह करकरून वाढलेले सहा घावणे पोटात वेगळ्याच लाटा काढत होते.

कसेबसे बोटीला लागलो. तिथल्या पोराने भराभर धडा दिला: नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडानेच, कान दुखले की नाक दाबून हवा ढकलायची, तर्जनी-अंगठ्याचं गोल म्हणजे ठीक, आणि अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'मला वर न्या'. "काय होवचा नाय ओ, घाबरू नुको," असं तो म्हणाला आणि त्याच क्षणी मी बोटीच्या काठावरून वाकून सहाच्या सहा घावणे अरबी समुद्राला परत केले. चटणीसकट.

बायकोने दुसरीकडे बघितलं. (सतरा वर्षांचा अनुभव.)

मग खाली. कान पहिल्या दोन-तीन मीटरलाच ठणकायला लागले, कारण दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो पण त्याची सुरुवात वरूनच होते, हे मला नाक दाबता दाबता पटलं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मावळतो, त्यामुळे साडूंची लालभडक चड्डी खाली मळकट तपकिरी झाली होती. शिवाय मास्कमधून सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं. त्यांचं पोटही.

आणि मग मासे आले! पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले, शेकड्याने, अक्षरशः गर्दी करून, साडूंच्या भोवती रिंगण. साडू हात पसरून संतासारखे तरंगतायत. माझ्याकडे मात्र एकही फिरकेना, मला जरा वाईटच वाटलं, मग एका माशाच्या तोंडात पांढरं काहीतरी दिसलं, जाळीदार.

वर आल्यावर साडू सगळ्यांना सांगत सुटले की समुद्री जीवांना माणसाची एनर्जी बरोब्बर कळते. बोटीवरचा पोरगा माझ्याकडे बघून गालात हसला, पण काही बोलला नाही, भला माणूस.

पुण्यात पोचायच्या आत साडूंचा माशांच्या रिंगणातला फोटो फॅमिली ग्रुपवर पडला, 'निसर्गाने मला आपलंसं केलं'. खाली बायकोच्या माहेरच्या चाळीस माणसांचे नमस्कार. मी नुसता अंगठा टाकला, पाण्याखालच्या अर्थाने.