एका वेलांटीची तक्रार

टिपणं ठेवायला मी एक मुक्तस्रोत प्रोग्राम वापरतो. एकदा त्यात 'उरलेल्या कामांची यादी' असं टिपण केलं, तर डावीकडच्या पट्टीत नाव उमटलं: 'उरलेल्या कामांची याद'. कामं गेली, आठवण उरली! गझलेला शोभावा असा मथळा आणि खाली पहिली ओळ 'गळका नळ'.

भानगड साधी होती. प्रोग्राम वीस अक्षरांनंतर नाव छाटत होता. आपल्या डोळ्यांना या नावात नऊ अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा दिसतात. संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्या युनिकोडच्या पंक्तीत मात्र काना, मात्रा, अनुस्वार, अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, सगळ्यांचं पान वेगळं. तसे मोजले तर भरतात 21. एकविसावी बसली होती ती 'दी'ची वेलांटी. तिलाच उठवलं.

सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो म्हणतात. म्हटलं, आपणही बग, म्हणजे प्रोग्राममधली ही चूक, कळवू.

बग कळवायचा फॉर्म होता. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, बग पुन्हा कसा घडवायचा. काय व्हायला हवं होतं? यादी. काय झालं? याद. इतकं नेमकं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. शेवटी एक चौकोन होता: 'ही तक्रार आधी कुणी केलेली नाही, याची मी खात्री केली आहे.' अटी आणि शर्ती ज्या निष्ठेने वाचतो, त्याच निष्ठेने तिथे टिक केली.

तीन दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे प्रोग्राम सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं, 'माझ्याकडे असं होत नाही.' त्याने इंग्रजी नाव देऊन पाहिलं होतं. मी लाल गोल काढून स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, 'मला दोन्ही सारखंच दिसतंय. शिवाय 'याद' हा शब्द शब्दकोशात सापडतो.' आता यावर काय बोलणार? 1947 साली हार्वर्डच्या मार्क 2 संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, पतंग, म्हणजे खराखुरा किडा ('बग'), अडकला, तेव्हा तिथल्या लोकांनी तो थेट नोंदवहीत चिकटवून टाकला. पुरावा असा हवा. मी वेलांटी कशी चिकटवू?

मग मी वेलांटीवर निबंध लिहिला. ऱ्हस्व कोणती, दीर्घ कोणती, पहिली अक्षराच्या डावीकडे दिसते पण टाइप नंतर होते, ती का. शुद्धलेखनात याच वेलांट्यांपायी मार खाल्लेला मी, आता परक्या माणसापुढे त्यांचं वकीलपत्र घेऊन उभा होतो. मेंटेनरला ते पटलं. बिचारा नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसा न घेता हे सगळं बघतो, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. हीच या प्रकारातली सगळ्यात मोठी गैरसोय.

त्याला पटलं म्हणून माझी तक्रार त्याने बंद केली. कारण डुप्लिकेट! थाई भाषेतल्या कुणीतरी हेच रडगाणं कधीच गायलेलं होतं. तिकडे गेलो, तर ती तक्रारही बंद. नव्वद दिवस कुणी काही बोललं नाही म्हणून बॉटने तिला मूठमाती दिलेली. माझा धडधाकट बग असा एका मयताच्या खात्यावर जमा झाला.

मी ते निदर्शनाला आणलं. उत्तर आलं, 'पॅचचं स्वागत आहे.' हे वाक्य फार गोड असतं. त्याचा अर्थ, एवढं कळतंय तर दुरुस्ती तूच कर.

केलं. बदल एका ओळीचा. मोजणी युनिकोडच्या 29व्या परिशिष्टात सांगितल्याप्रमाणे करायची, म्हणजे वेलांटी आपल्या अक्षराला धरून राहते. पण 2023 मध्ये युनिकोडची 15.1 आवृत्ती येईपर्यंत तो नियमही देवनागरी जोडाक्षराचे दोन तुकडे करायचा. 'क्ष'मधला 'क्' इकडे, 'ष' तिकडे. म्हणून ही मोजणी करणारी तयार कोडची लायब्ररी नवी हवी. ती नवी घेतली, तर छपाईचं बटण गायब. ते परत आणण्यात दोन रविवार गेले.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवली. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहा. लिहिल्या. कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, संदेशाची पहिली ओळ लांब झाली, छाटा. (छाटा!) सही राहिली. ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे. तोवर मूळ कोड पुढे गेला, रीबेस करा, म्हणजे बदल त्यावर पुन्हा बसवा. केलं, तर टेस्ट लाल. कुठली? घड्याळाची. माझा घड्याळाशी काय संबंध? 'ती अधूनमधून पडते, पुन्हा चालवा.' चालवली, हिरवी झाली. अखेर चार महिन्यांनी पॅच मूळ कोडमध्ये मर्ज झाला. मेंटेनरने रॉकेटचं चित्र टाकलं. ते मी घरात सगळ्यांना दाखवलं. 'पैसे किती मिळाले?' हा प्रश्न आला तेव्हा फोन खिशात ठेवला.

माझ्या संगणकावर मात्र अजून 'याद'च दिसते. मी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून जे लिनक्स वापरतो, ते स्थैर्याला जपणारं आहे. प्रोग्रामची नवी आवृत्ती त्यात पुढच्या मोठ्या प्रकाशनाबरोबर येणार. ते कधी, असं विचारलं. 'तयार झालं की.'

काल रात्री टिपणाचं नाव बदलून 'उरलेली कामे' केलं. व्यवस्थित मावलं. दहा सेकंद लागले.