नक्षीवर विसंबू नका

'कवचावरच्या नक्षीवरून कोन गोगलगायीची जात ओळखता येते' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. समुद्रातल्या या विषारी गोगलगायीच्या जिवंतपणी शंखावर तपकिरी सालीसारखा थर असतो, त्याखाली नक्षी बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्याकडचा एक शंख असाच मातकट होता. टोकाशी साल खरवडली तेव्हा कुठे जाळी दिसली. नक्षी बघायला कुणी जिवंत शंख उचलला तर? कोनस जिओग्राफस या कोन गोगलगायीच्या डंखाने माणसं दगावलीत, आणि त्यावर प्रतिविष नाही!

वर्गीकरणातही कवचावर विसंबणं तसंच फसवं. वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसची १७५८ची कोनस ही एकच प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). २००९मध्ये कवच आणि भाल्यासारखे पोकळ दात पाहून तिचे कितीतरी तुकडे पाडले गेले. २०१४मध्ये डीएनए तपासून पुन्हा मांडणी झाली तेव्हा चारच प्रजाती ठेवल्या. हे लेखात यायलाच हवं होतं.